मुखदर्शन : चित्रकार मकबूल फिदा हुसेन

पंढरपुरास जे कोणी गेले असतील त्यांस हें सांगावयास नको कीं तेथें दर्शनाच्या दोन रांगा असतात. एक पदस्पर्शाची व दुसरी मुखदर्शनाची. ज्याच्यापाशीं वेळ आहे व पायांत बळ आहे तो पहिल्या रांगेंत उभा राहतो. ज्यास परतीची गाडी गांठावयाची असते तो दुरून मुख पाहून व हात जोडून माघारीं फिरतो. दुरून कां होईना, पण मुख दिसलें पाहिजे, ही माणसाच्या मनाची जुनी ओढ आहे. आज ज्या चित्रकाराविषयीं मी बोलणार आहें तो याच गांवांत जन्मला. आणि एका न घडलेल्या मुखदर्शनाची रुखरुख त्याच्या साऱ्या आयुष्यास लागून राहिली होती, असें मला वाटतें.

मी चित्रकलेचा पंडित नव्हे. सोलापुरांतील मुलांस मराठी व इतिहास शिकविण्यांत माझा काळ गेला. चित्रकलेचा तास मजकडे आला तो केवळ त्या विषयाचे शिक्षक रजेवर गेले म्हणून. तेव्हां तज्ज्ञांच्या परिभाषेंत बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु त्याच तासाला माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती चूक मला पुढें हुसेन यांच्या चित्रांनीं दाखवून दिली. ती हकीकत ओघानें येईल.

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१५ रोजीं पंढरपूर येथें एका सुलेमानी बोहरा कुटुंबांत झाला. वडिलांचें नांव फिदा, आईचें नांव झैनब. मूल जेमतेम दीड वर्षाचें झालें असेल नसेल, तोंच आई वारली. घरांत तिचें एखादें छायाचित्र असतें तर पुढील हकीकत कदाचित् निराळी झाली असती. परंतु तसें एकही छायाचित्र नव्हतें. दीड वर्षाच्या मुलास आईचा चेहरा काय आठवणार? तो आपल्याला आठवत नाहीं, हें शल्य हुसेन यांनीं उतारवयापर्यंत बोलून दाखविलें. पंढरीच्या बायकांचें नऊवारी लुगडें आणि आई या दोन गोष्टी त्यांच्या मनांत एकरूप होऊन गेल्या होत्या, असें त्यांच्या बोलण्यावरून व चित्रांवरून दिसतें. लुगडें होतें, चेहरा नव्हता. येथून या चित्रकाराची कथा सुरू होते.

आईच्या मागें वडिलांनीं दुसरा विवाह केला व बिऱ्हाड इंदुरास हलविलें. इंदूर ही त्या काळीं होळकर संस्थानाची राजधानी. तेथें मराठी माणसांची वस्ती मोठी. तेव्हां पंढरपूर सुटलें तरी मराठी कानांवर पडावयाची राहिली नाहीं. पोरक्या नातवास आजोबांनीं जवळ केलें. आजोबा पत्र्याचे दिवे करणारे कारागीर. हुसेन यांच्या चित्रांतून कंदील व छत्री या दोन वस्तु पुन्हां पुन्हां डोकावतात, त्यांचें मूळ आजोबांच्या आठवणींत आहे. मोहरमच्या मिरवणुकींतील ताबूत व दुलदुल घोडा त्यांनीं याच वयांत पाहिला. पुढें जगप्रसिद्ध झालेल्या त्यांच्या घोड्यांचा तोच मूळपुरुष होय. मध्यंतरीं मुलास बडोद्यास मदरशांत ठेवण्यांत आलें. तेथें त्यांनीं अरबी सुलेखन गिरविलें. ज्या हातानें पुढें एका ओढींत घोडा उभा केला, त्या हातास वळण लागलें तें या कित्त्यावर. इंदुरास परतल्यावर दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या चित्रशाळेंत त्यांस रीतसर धडे मिळाले. प्रसिद्ध चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे हेही याच शाळेंत घडलेले.

१९३० नंतरच्या दशकांत हुसेन मुंबईस आले. त्या मुंबईंत चित्रकार म्हणजे काय समजत, हें थोडें सांगितलें पाहिजे. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतून बाहेर पडणाऱ्या तरुणाचें उत्तम कौशल्य व्यक्तिचित्रांत दिसावें, अशी अपेक्षा असे. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, त्याच्या कातडीवरील उजेड, पागोट्याची घडी, डोळ्यांतील पाणी हें सारें हुबेहूब उतरलें पाहिजे. या कलेंत आपल्या महाराष्ट्रानें मोठीं नांवें मिळविलीं आहेत. सांवतवाडीकडील सांवळाराम लक्ष्मण हळदणकर यांनीं १९४५–४६ च्या सुमारास काढलेलें एक जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. हातांत दिवा घेतलेली, त्यावर दुसरा हात आडवा धरलेली ती स्त्री म्हणजे हळदणकरांचीच कन्या. दिव्याचा उजेड बोटांच्या सांदींतून लाल होऊन बाहेर येतो व मुलीच्या तोंडावर पसरतो, तो पाहतांना हें कागदावरील पाणी व रंग आहेत याचा विसर पडतो. चेहऱ्याचें व्यक्तिचित्र यापुढें आणखी किती जाणार?

हुसेन यांस मात्र असें राजवाड्याचें दार उघडें नव्हतें. पोटासाठीं त्यांनीं सिनेमाचे फलक रंगविण्याचें काम धरलें. मजुरी चौरस फुटामागें चार-सहा आणे. नटनट्यांचे दहा दहा हात उंचीचे चेहरे, रस्त्यांतून जाणाऱ्याची मान वर वळावी असे, लांकडी शिड्यांवर चढून रंगवावयाचे. विचार करा, श्रोतेहो. ज्यास स्वतःच्या आईचा चेहरा ठाऊक नाहीं, तो परक्यांचे चेहरे फुटाच्या मापानें रंगवीत आहे! या कामानें त्यांस दोन गोष्टी शिकविल्या. मोठ्या जागेवर न बिचकतां रेषा ओढणें ही एक. आणि दुरून पाहणाऱ्यास नाकडोळ्यांआधीं माणसाची उभी राहण्याची ढब दिसते, ही दुसरी. १९४१ सालीं फझिला यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. संसार वाढला, तेव्हां मुलांच्या खोलींतील लांकडी सामान व खेळणीं यांचे नमुने करण्याचेंही काम त्यांनीं केलें.

१९४७ हें साल देशाच्या इतिहासांत जसें, तसें त्यांच्या आयुष्यांतही वळणाचें ठरलें. त्या वर्षीं बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्यांच्या ‘सुनहरा संसार’ या चित्राकडे जाणत्यांचें लक्ष गेलें. गोव्याकडचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनीं त्यांस आपल्या नव्या मंडळांत ओढलें. सूझा, सय्यद हैदर रझा, कृष्णाजी हौळाजी आरा, हरि अंबादास गाडे, सदानंद बाकरे आणि हुसेन अशा सहा जणांचें हें मंडळ प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स् ग्रुप या नांवानें प्रसिद्ध आहे. विलायती शाळेची हुबेहूब नक्कल नको आणि जुन्या लघुचित्रांचें हळवें अनुकरणही नको, असा या मंडळाचा बाणा होता. १९४८ सालीं सूझा व हुसेन दिल्लीस भारतीय कलेचें मोठें प्रदर्शन पाहावयास गेले. तेथें मथुरेचीं व गुप्तकालीन शिल्पें आणि बसोहलीचीं भडक, निःशंक रंगांचीं लघुचित्रें पाहून हुसेन यांस आपली वाट सांपडली. शिल्पांतून त्यांनीं देहाची ठाम ठेवण घेतली, लघुचित्रांतून सपाट रंग घेतले, आणि या दोहोंस आपल्या कित्त्याची रेषा जोडली.

आतां प्रश्न असा कीं, छायाचित्रयंत्र आल्यावर हुबेहूबपणाचें काम जर यंत्रच करूं लागलें, तर चित्रकारानें काय करावें? त्या पिढीनें याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं. याच मंडळाशीं पुढें संबंध आलेले वासुदेव गायतोंडे यांचें उत्तर सर्वांत कडक होतें. ते १९२४ सालीं नागपुरास जन्मले, घराणें गोव्याचें. त्यांनीं चित्रांतून माणूस काढला, झाड काढलें, घर काढलें. ओळखूं येईल अशी एकही वस्तु ठेविली नाहीं. रंगाचे थर एकावर एक देऊन, ते पुसून, खरवडून, शेवटीं जो स्तब्ध उजेड उरेल तेंच चित्र. असें चित्र कशाचें आहे हें विचारणें व्यर्थ. तें कशाचेंच नसतें, तें स्वतःच असतें. यास आपण अमूर्त चित्र म्हणतों. रझा यांनीं फ्रान्समध्यें राहून कालांतरानें एका काळ्या बिंदूंत विश्व पाहिलें. म्हणजे एका टोकास हळदणकरांच्या कन्येचा उजळलेला चेहरा, आणि दुसऱ्या टोकास गायतोंडे यांचा आकारहीन उजेड.

हुसेन या दोहोंपैकीं एकाही टोकास गेले नाहींत. माणूस टाकून देणें त्यांच्यानें झालें नाहीं. पण माणसाचा चेहरा रंगविण्याची वेळ आली कीं त्यांचा कुंचला पुष्कळदां थांबला. त्यांनीं मान रेखिली, खांदे रेखिले, हाताचीं बोटें रेखिलीं, आणि तोंडाच्या जागीं नुसता रंग भरला. व्यक्तिचित्र आणि अमूर्त चित्र यांची गांठ त्यांनीं एकाच देहांत घातली. बाकीचा देह मूर्त, चेहरा अमूर्त. माझ्या अल्प मतीस त्यांचें खरें वैशिष्ट्य हेंच वाटतें. ही केवळ युरोपांतून आणलेली नवी टूम नव्हती. तिच्या मुळाशीं पंढरपूरचें तें घर होतें.

उदाहरणादाखल दोन चित्रें घेऊं. ‘जमीन’ हें १९५५ सालचें चित्र सुमारें १८ फूट लांब आहे. खेड्यांतील दिनक्रमाचे तुकडे एका ओळींत मांडलेले, जणूं एखादी चित्रकथाच. राष्ट्रीय कला प्रदर्शनांत त्यास पहिलें पारितोषिक मिळालें, आणि आज तें दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत आहे. दुसरें ‘कोळी आणि दिवा यांच्या मध्यें’ हें १९५६ सालचें. पांच स्त्रिया शिल्पाप्रमाणें उभ्या आहेत. वर एक दिवा लोंबतो आहे. कोणासही वाचतां येऊं नयेत अशीं जुन्या वळणाचीं अक्षरें माथ्यावर आहेत. आणि एकीच्या हातांतील धाग्यास कोळी लटकतो आहे. या स्त्रिया कोण, त्या काय बोलत आहेत, हें कोणी सांगूं शकत नाहीं. हळदणकरांच्या चित्रांतील दिवा चेहरा दाखविण्यासाठीं पेटलेला आहे. हुसेन यांच्या चित्रांतील दिव्याखालीं स्त्रिया आहेत, तरी त्यांची ओळख अंधारांतच राहते. सुमारें एका दशकांत मराठी मुलखांतील चित्रकला केवढें अंतर चालून गेली, हें या दोन दिव्यांवरून कळतें.

पुढें कीर्ति आली ती लोंढ्यासारखी. १९५२ सालीं झुरिक येथें त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन झालें. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या सांगण्यावरून त्यांनीं रामायणावर मोठी चित्रमाला काढली. १९६७ सालीं त्यांच्या एका लघुचित्रपटास बर्लिनच्या महोत्सवांत सुवर्ण अस्वलाचें पारितोषिक मिळालें. १९७१ सालीं ब्राझीलमधील साओ पाउलोच्या प्रदर्शनांत पिकासोबरोबर त्यांस खास निमंत्रण होतें. तेथें त्यांनीं महाभारतावरील चित्रें नेलीं. १९७३ सालीं पद्मभूषण, १९८६ सालीं राज्यसभेची नियुक्ति व १९९१ सालीं पद्मविभूषण असे मान मिळत गेले. १९६४ सालीं कवि गजानन माधव मुक्तिबोध वारले, त्यानंतर त्यांनीं पायांतील वहाणा सोडल्या व अनवाणी हिंडूं लागले.

दोषही सांगितले पाहिजेत. हुसेन यांस गर्दी आवडे, सिनेमा आवडे, लोकांसमोर उभें राहून चित्र काढणें आवडे. चित्रें त्यांनीं फार काढलीं. त्यांतील कित्येक घोडे एकाच ठशांतून निघाल्यासारखे दिसतात. गायतोंडे यांनीं वर्षाकांठीं मोजकीं चित्रें काढून जें साधलें, तें हुसेन यांच्या घाईंत पुष्कळदां निसटलें, हा आक्षेप मला खोटा वाटत नाहीं. परंतु जेथें त्यांच्या अंतःकरणाची ती जुनी जागा दुखावली जाई, तेथें हात उथळ होत नसे.

१९८० च्या सुमारास आरंभिलेली मदर तेरेसांची चित्रमाला पाहा. जगांत त्या वेळीं या बाईंचा चेहरा ठाऊक नाहीं असा माणूस विरळा. आदल्याच वर्षीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. असें असून हुसेन यांनीं त्यांचा चेहरा काढलाच नाहीं. पांढरें सुती लुगडें, त्यास निळे कांठ, पदराच्या आंत तोंडाच्या जागीं काळोख, आणि मांडीवर एखादें उघडें, काटकुळें मूल. युरोपांतील जुन्या चित्रांत मांडीवर पुत्राला घेतलेल्या मेरीच्या वस्त्राच्या चुण्या असतात, तशा या लुगड्याच्या चुण्या. नांव लिहावें लागत नाहीं. हें चित्र कोणाचें तें लहान मूलही सांगतें. याचा अर्थ असा कीं चेहरा नसतांही व्यक्तिचित्र पुरें होतें. आणि मांडीवरचें तें मूल कोण, हें ज्यास पंढरपूरची हकीकत ठाऊक आहे त्यास विचारावें लागत नाहीं.

आतां माझी हकीकत सांगतों. सुमारें ३० वर्षांपूर्वीं रजेवरील शिक्षकांच्या ऐवजीं मी सहावीच्या वर्गावर गेलों व ‘माझी आई’ हा विषय फळ्यावर लिहून दिला. आमच्या सोलापुरांत गिरण्यांबरोबर विड्यांचाही धंदा मोठा. घरोघरच्या बायका सुपांत पानें व तंबाखू घेऊन दिवसभर विड्या वळतात. एका मुलानें तशी बसलेली आई काढली. सूप काढलें, पानें काढलीं, दोन्ही हातांचीं बोटें तर अशीं काढलीं कीं विडी वळतांना दिसावी. तोंडाची जागा मात्र कोरी! मीं विचारलें, “अरे, तोंड कोठें आहे?” तो म्हणाला, “गुरुजी, ती वर बघतच नाहीं.” मला तें उर्मट उत्तर वाटलें. ‘चित्र अपुरें’ असा शेरा मारून दहापैकीं तीन गुण दिले. पोरगा कांहीं बोलला नाहीं. वही घेऊन जागेवर गेला.

पुढें कितीएक वर्षांनीं एका मासिकांत मदर तेरेसांच्या त्या चित्राची छापील नक्कल माझ्या पाहण्यांत आली, आणि मला एकदम ती वही आठवली. त्या मुलानें आळस केला नव्हता. पहांटेपासून दिवेलागणीपर्यंत मान खालीं घालून बसणाऱ्या आईचें जें रूप त्यास रोज दिसे, तेंच त्यानें प्रामाणिकपणें काढलें होतें. त्यानें नाकडोळे काढले असते तर मीं आठ गुण दिले असते, आणि तें चित्र खोटें झालें असतें. तो मुलगा आज कोठें आहे मला ठाऊक नाहीं. ते पांच गुण मी त्यास देणें लागतों.

हुसेन यांच्या अखेरच्या पर्वाविषयीं बोलल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. १९७० च्या दशकांत त्यांनीं देवतांचीं कांहीं विवस्त्र रेखाचित्रें काढलीं होतीं; त्यांवरून १९९६ सालीं मोठें वादळ उठलें. ठिकठिकाणीं फिर्यादी झाल्या, १९९८ सालीं त्यांच्या मुंबईच्या घरावर हल्ला झाला. २००६ सालीं ते देश सोडून गेले. मे २००८ मध्यें दिल्लीच्या उच्च न्यायालयानें त्यांच्यावरील महत्त्वाच्या फिर्यादी रद्द ठरविल्या, तरी ते परतले नाहींत. २०१० सालीं त्यांनीं कतारचें नागरिकत्व घेतलें, आणि ९ जून २०११ रोजीं लंडन येथें त्यांचा अंत झाला. तेथूनच जवळ ब्रुकवुडच्या दफनभूमींत ते विसावले आहेत. ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांचें दुःख खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. श्रद्धेच्या जागीं माणूस हळवा असतो, हें पंढरीच्या मुलखांत राहणाऱ्यास कोणी शिकवावयास नको. परंतु नव्वदी ओलांडलेल्या माणसानें आपल्या मातीपासून हजारों कोसांवर डोळे मिटावे, यांत कोणाचा जय झाला असेंही मला वाटत नाहीं.

१९५४ सालीं त्यांनीं काढलेलें ‘ग्रामयात्रा’ हें चित्र कित्येक वर्षें नॉर्वेमधील एका रुग्णालयाच्या भिंतीवर होतें. मार्च २०२५ मध्यें न्यूयॉर्क येथील लिलांवांत त्यास सुमारें ११८ कोटि रुपये आले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कतारच्या दोहा शहरीं त्यांच्या नांवाचें संग्रहालय उघडलें. हे आंकडे व हीं नगरें ऐकून आपण दिपून जातों. मला मात्र त्यांपेक्षां दीड वर्षाचें तें मूल मोठें वाटतें. त्यास जें मिळालें नाहीं तें त्यानें आयुष्यभर दुसऱ्यांच्या आयांत शोधलें. २००० सालच्या ‘गजगामिनी’ या आपल्या चित्रपटांतही, वयाच्या ८५ व्या वर्षीं, डोक्यावर गांठोडें घेऊन चालणाऱ्या स्त्रीचा चेहरा त्यांनीं झांकूनच ठेविला.

श्रोतेहो, दिल्लीस जाण्याचा योग आला तर राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत ‘जमीन’ अवश्य पाहा. आणि तो योग नसेल तर आपल्याच घरांत सायंकाळीं, आई किंवा आजी पाठमोरी बसून निवडण-टिपण करीत असेल तेव्हां, तिला हांक न मारतां क्षणभर पाहा. तोंड दिसत नसतांही ती आपणांस पुरेपूर ओळखूं येते. हुसेन यांनीं तेवढेंच रंगविलें आहे.